गर्भवृषणातील लायडिग पेशी

गर्भाच्या वृषणात पुंसंप्रेरके तयार करणाऱ्या पेशी. शुक्रनलिका ज्यांच्यापासून बनतात त्या पेशीरज्जूंच्या मधल्या जागेत त्या असतात. माणसाच्या गर्भात साधारण सातव्या-आठव्या आठवड्यात आणि उंदरात बाराव्या-तेराव्या दिवशी त्या दिसू लागतात. फ्रान्ट्स लायडिग यांनी १८५० मध्ये वृषणातील या प्रकारच्या पेशींचे वर्णन केले, म्हणून हे नाव. प्रौढ वृषणातील लायडिग पेशींची पिढी बव्हंशी वेगळी असते.

वृषण घडवण्याचा आदेश वाय गुणसूत्रावरील एसआरवाय या जनुकाकडून येतो (शोध १९९०), पण तो लायडिग पेशींना थेट मिळत नाही. एसआरवाय शेजारच्या भावी सर्टोली पेशींत (पेशीरज्जूंमधील, शुक्रपेशींना आधार देणाऱ्या पेशींत) काम करते आणि तेथे सॉक्स-९ हा प्रतिलेखन घटक, म्हणजे डीएनएला चिकटून जनुके चालू-बंद करणारे प्रथिन, जागा करते. एक्सएक्स व एक्सवाय पेशींच्या मिश्रणातून वाढवलेल्या उंदरांच्या वृषणात लायडिग पेशी एक्सएक्सही आढळतात. स्वतःजवळ वाय गुणसूत्र नसूनही त्या नीट घडतात, याचे श्रेय शेजाऱ्याला.

तो निरोप नेते डेझर्ट हेजहॉग हे प्रथिन. सर्टोली पेशी ते स्रवतात. लायडिग पेशींच्या पूर्वज पेशीवरील पॅच्ड-१ हा ग्राही (संकेत टिपणारे प्रथिन) ते टिपतो, आत ग्ली हे प्रतिलेखन घटक कामाला लागतात आणि एसएफ-१ या आणखी एका प्रतिलेखन घटकाची पातळी वाढते. खरा कारभारी हा एसएफ-१ च. कोलेस्टेरॉल सूत्रकणिकेत (पेशीतील ऊर्जा तयार करणाऱ्या अंगकात) आणण्यापासून त्याचे संप्रेरकात रूपांतर करणाऱ्या विकरांपर्यंत बहुतेक जनुकांच्या नियंत्रक भागांवर तो बसतो. १९९४ मध्ये एसएफ-१ चे जनुक काढून टाकलेल्या उंदरांत वृषण, अंडाशय आणि अधिवृक्क ग्रंथी या तिन्हींचा अभाव दिसला. मात्र एसएफ-१ सर्टोली पेशींतही असतो. तेव्हा तो आहे की नाही एवढ्यावर भागत नाही. किती आहे आणि सोबतीला गाटा-४ सारखे कोणते घटक आहेत, यावर पेशीची ओळख ठरते.

सगळ्याच पूर्वज पेशी एकदम लायडिग झाल्या तर पुढच्यासाठी साठा उरणार नाही. म्हणून लगामही आहेत: नॉच हा शेजारच्या पेशींमधला संकेतमार्ग पूर्वज पेशींना अपक्व ठेवतो, तर टीसीएफ-२१ हा घटक एसएफ-१ ला दाबतो. उलट एआरएक्स हा प्रतिलेखन घटक नसलेल्या उंदरांत लायडिग पेशी कमी पडतात.

उंदरात एक गंमत आहे. तेथील गर्भलायडिग पेशींत टेस्टोस्टेरॉन बनवण्याच्या शेवटच्या टप्प्याचे विकर जवळजवळ नसते. त्या अँड्रोस्टेनेडायोन या आधीच्या टप्प्यातील संप्रेरकापर्यंत पोचून थांबतात आणि त्याचे टेस्टोस्टेरॉन सर्टोली पेशी करतात. माणसाच्या गर्भात या पेशींना सुरुवातीची चालना वारेतून येणारे एचसीजी हे संप्रेरक देते. उंदरात एवढ्या लवकर अशा बाह्य चालनेची गरज लागत नाही.

माणसात एसएफ-१ च्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीत दोष असला तरी एक्सवाय बालकाची जननेंद्रिये अपुरी किंवा संदिग्ध घडू शकतात. डेझर्ट हेजहॉगच्या दोषात वृषणाच्या अपूर्ण वाढीबरोबर काही रुग्णांत हातापायांच्या चेतांचा विकारही आढळतो, कारण चेतातंतूंच्या जुडग्यांभोवतीचे आवरण घडवायलाही हेच प्रथिन लागते.