दुखत नाही, म्हणून दाखवत नाही

"गाठ आहे, पण दुखत नाही ना? मग काही नसेल." बायका एकमेकींना असा धीर देतात आणि तिथेच घात होतो. स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. उलट पाळीच्या आधी दोन्ही स्तन जड होऊन ठणकतात, ते बहुधा संप्रेरकांच्या चढउतारामुळे.

दुसरा फसवा दिलासा म्हणजे "आमच्यात कुणाला नाही". आईवडिलांकडून आलेल्या जनुकदोषामुळे होणारे स्तनाचे कर्करोग जेमतेम ५ ते १० टक्के आहेत. २०२२ साली जगभरात सुमारे २३ लाख स्त्रियांना या रोगाचं निदान झालं. त्यांतल्या बहुतेकींना असा वारसा नव्हता.

मग दर महिन्याला ठरावीक पद्धतीने स्वतःची तपासणी करावी का? याची मोठी परीक्षा शांघायच्या कापड गिरण्यांत झाली. १९८९पासून तिथल्या सुमारे २ लाख ६६ हजार कामगार स्त्रियांचे दोन गट करून एका गटाला स्वतपासणी नीट शिकवली. २००२मध्ये निष्कर्ष आले तेव्हा दोन्ही गटांतले मृत्यू जवळजवळ सारखेच होते. शिकवलेल्या गटात निरुपद्रवी गाठी मात्र जास्त सापडल्या आणि त्यापायी बायोप्सीही (गाठीचा तुकडा काढून तपासणं) वाढल्या.

म्हणून छातीला हातच लावायचा नाही, असा अर्थ कुणी काढू नये. तो प्रयोग वेळापत्रक लावून केलेल्या तपासणीचा होता. आपलं शरीर एरवी कसं असतं याची ओळख ही वेगळी गोष्ट, आणि आज तज्ज्ञांचा भर तिच्यावर आहे. कित्येक गाठी स्त्रीच्या स्वतःच्याच हाताला लागतात, बहुधा अंघोळ करताना किंवा कपडे बदलताना.

ही ओळख करून घ्यायची तर पाळी संपल्यावर स्तन मऊ असतात, तेव्हा मधल्या तीन बोटांच्या सपाट भागाने हलका दाब देत चाचपावं. काखेकडचा वरचा भाग सोडू नये, सर्वांत जास्त गाठी तिथेच होतात. मग आरशासमोर हात वर करून पाहावं: कुठे खळी पडते का, कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली आहे का, बोंड नव्याने आत ओढलं गेलंय का. एकाच बोंडातून आपोआप येणारा रक्ताळ स्राव किंवा बोंडावरची बरी न होणारी खपली, ही लक्षणं तर गाठ नसतानाही दाखवायची.

लाज आणि भीती या दोन्हींतून उशीर होतो. "कॅन्सरच निघाला तर?" या धास्तीने महिनोन्‌महिने घरात कुणाला न सांगणाऱ्या बायका आहेत, आणि त्यांना दोष देण्यापेक्षा कुणीतरी सोबत जाणं जास्त उपयोगाचं. बहुतेक गाठी साध्या निघतात. पण साधी की वाईट, हे चाचपून कुणालाच ठामपणे सांगता येत नाही. त्यासाठी सोनोग्राफी, मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) आणि गरज पडल्यास सुईची तपासणी लागते. लक्षण दाखवल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावं, असं जागतिक आरोग्य संघटनेचं उद्दिष्ट आहे. हे ६० दिवस मोजायला सुरुवात होते ती बाई दवाखान्यात पोचल्यावर.