एकरूपता आणि समरूपता

आकृत्यांची तुलना करणाऱ्या भूमितीतील दोन संकल्पना. आकार आणि माप दोन्ही जुळणाऱ्या आकृत्या एकरूप (≅). संगत कोन समान आणि संगत बाजू एकाच प्रमाणात असलेल्या बहुभुजाकृती समरूप (~). हे प्रमाण १ असेल तर समरूप आकृत्या एकरूपही असतात. बाकोबा (बाजू-कोन-बाजू), बाबाबा (बाजू-बाजू-बाजू) इ. एकरूपतेच्या शालेय कसोट्या परिचित आहेत.

त्रिकोणांचे कोन जुळले की बाजूंचे प्रमाण आपोआप जुळते. चौकोनांना ही सवलत नाही. ६०×९० आणि ९०×१०० इंची चादरी दोन्ही आयताकृती, पण समरूप नव्हेत. सोलापुरी जकार्ड (नक्षी विणणारा माग) चादरीच्या उलट बाजूस रंगांची अदलाबदल होऊन नक्षी आरशातल्यासारखी उमटते; रंग सोडल्यास ती मूळ नक्षीशी एकरूपच. आलेखकागदावरची नक्षी कापडावर मोठी होताना मात्र ताणा (उभे धागे) आणि बाणा (आडवे धागे) यांची इंचातील धागेसंख्या वेगळी असेल, तर चौरसाचा आयत होतो आणि समरूपताही उरत नाही. म्हणून कागदाच्या घरांचे प्रमाण आधीच धाग्यांशी जुळवून घेतात.

एकरूपतेच्या पायाविषयी जुना वाद आहे. ग्रीक गणिती यूक्लिड (इ. स. पू. सु. ३००) यांनी बाकोबा कसोटी एक त्रिकोण उचलून दुसऱ्यावर ठेवून सिद्ध केली. आकृती उचलून ठेवणे ही यांत्रिकीतील कृती आहे, भूमितीतील नव्हे, असा आक्षेप फ्रेंच गणिती पेलतिए यांनी १५५७ मध्ये घेतला. यूक्लिड यांनी ही युक्ती मोजक्याच ठिकाणी वापरली, तीही नाइलाजाने, असे काही अभ्यासकांचे मत असून ते अधिक ग्राह्य वाटते. कारण जिथे ती सोयीची ठरली असती अशा इतर सिद्धतांतही त्यांनी ती टाळली आहे. जर्मन गणिती हिल्बर्ट यांनी १८९९ मध्ये या कसोटीचा गाभा सरळ गृहीतकांत घातला.

समरूपतेचा पाया वेगळा आहे. एकरूपतेच्या नेहमीच्या कसोट्यांना समांतर रेषांचे गृहीतक (रेषेबाहेरील बिंदूतून तिला एकच समांतर रेषा काढता येते) लागत नाही. याउलट, कोणत्याही त्रिकोणाशी समरूप असा हव्या त्या मापाचा त्रिकोण असतो, हे विधान त्या गृहीतकाशी सममूल्य आहे (इंग्रज गणिती वॉलिस, १६६३). गोलपृष्ठावर आणि अपास्तीय भूमितीत (जिथे रेषेबाहेरील बिंदूतून तिला अनेक समांतर रेषा काढता येतात) तिन्ही कोन जुळले की त्रिकोण एकरूपच ठरतात. लहानमोठे समरूप त्रिकोण तेथे नाहीत. दोन्ही संकल्पनांतील खरा भेद, मापाच्या फरकापेक्षाही, येथे आहे.

सावलीवरून उंची काढणे हा समरूपतेचा जुना उपयोग. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) छायाव्यवहाराचे स्वतंत्र प्रकरण असून त्यात १२ अंगुळांचा शंकू (सावली मोजण्याची उभी खुंटी) व त्रैराशिक वापरले आहे. सोलापुरात सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत, संक्रांतीच्या सुमारास, १ मी. काठीची सावली मध्यान्ही सु. ८१ सेंमी. पडते, तेव्हा उभ्या नंदीध्वजाच्या (यात्रेत मिरवल्या जाणाऱ्या उंच काठीच्या) सावलीला ०·८१ ने भागल्यास त्याची उंची मिळते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात व ऑगस्टच्या आरंभी मध्यान्ही सूर्य डोक्यावर आल्याने सावली जवळजवळ नाहीशी होते. त्या वेळी ही रीत चालत नाही.