तुमची लकब, तुमचा अवतार
चॅटसाठी हलते स्टिकर करून घेण्याआधी हे वाचा

नमस्कार. ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या छोट्या स्टुडिओत येणारे बहुतेक जण फोटो आणतात आणि म्हणतात, "अगदी माझ्यासारखं दिसलं पाहिजे." फोटो आम्ही ठेवून घेतो, पण आधी विचारतो: घरचे तुमची नक्कल कशी करतात?

चॅटमध्ये स्टिकर जेमतेम तळहाताच्या खळग्याएवढं दिसतं. तेवढ्यात नाकडोळे कोण न्याहाळणार? मान कशी वळली, हात कुठे गेला, यावरूनच माणूस ओळखू येतो. कोपरीच्या एका आजींचं स्टिकर करताना हे आम्हाला पक्कं कळलं. पहिल्या चित्रात साडी, अंबाडा, कुंकू सगळं बरोबर होतं, तरी नातू म्हणाला, "ही कुणाचीही आजी असेल." मग त्यांना फोन वापरताना पाहिलं. चष्मा कपाळावर सरकवायचा, फोन हातभर लांब धरायचा आणि मगच विचारायचं, "पोचलास का रे?" तेवढंच चितारलं, आणि नातवानं नाव न सांगता ओळखलं.

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये डिसेंबर २०२२ पासून अवताराची, म्हणजे स्वतःचं कार्टून बनवण्याची सोय आहे. केस, चष्मा, कपडे निवडले की तयार स्टिकर मिळतात, तेही फुकट. आधी ते करून पाहा. चेहरा आणि नेहमीचे हावभाव एवढंच हवं असेल, तर त्यावर नक्की भागेल. तुमचे शब्द आणि तुमची सवय हवी असेल, तर आमच्याकडे या.

व्हॉट्सअ‍ॅपला हलतं स्टिकर ५१२ बाय ५१२ पिक्सेलचं, वेबपी (WebP) या चित्रांच्या फाइलप्रकारात आणि ५०० केबीच्या आत लागतं. हे ५०० केबी फार लवकर संपतात. साडीचे बारीक बुट्टे, चौकड्यांचा शर्ट, मागे तलावपाळीचं दृश्य असं सगळं घातलं की फाइल फुगते, मग फ्रेम, म्हणजे हालचालीतली एकेक चित्रं, कमी कराव्या लागतात आणि हालचाल अडखळते. म्हणून आम्ही सपाट रंग आणि एकच हालचाल ठेवतो, दीड-दोन सेकंदांची. कडेनं पांढरी रेघ असते, नाहीतर डार्क मोडमध्ये, म्हणजे चॅटची पार्श्वभूमी काळी असताना, काळे केस दिसेनासे होतात.

एका पॅकमध्ये, म्हणजे स्टिकरच्या संचात, ३ ते ३० स्टिकर बसतात. हलते आणि स्थिर एकत्र चालत नाहीत. सुरुवातीला सहा पुरे: हो, नाही, थँक्यू, पोचलो, एक तुमचं खास, आणि घोडबंदर रोडनं रोज येणाऱ्यांसाठी "अजून वाटेतच".

पाठवलेलं स्टिकर समोरचा जपून ठेवू शकतो, पुढेही पाठवू शकतो. म्हणून गाडीचा नंबर, मुलांच्या शाळेचा बिल्ला, सोसायटीचं नाव आम्ही चित्रात घालत नाही, कितीही आग्रह झाला तरी. दुसऱ्या कुणाचा अवतार हवा असेल, तर त्या व्यक्तीचा होकार आम्ही स्वतः ऐकतो. आणि दुःखाच्या निरोपाला हलतं चित्र नको, तिथे दोन ओळी लिहाच.

येताना दोन फोटो, नेहमीसारखं बोलतानाचा वीसेक सेकंदांचा व्हिडिओ आणि चॅटमध्ये तुम्ही सारखी लिहिता ती पाच वाक्यं आणा. "ओक्के", "आल्लोच", जसं लिहिता तसंच. आम्ही ते शुद्ध करत नाही. कच्चं रेखाटन देऊ, ते घरी दाखवा. घरच्यांनी ओळखलं, की रंग भरायला घेतो.