अरब समाज, राजकारण आणि विचार : एम.ए.ला अर्ज करण्याआधी

एम.ए.च्या सल्ल्यासाठी आमच्या कार्यालयात येणारे पालक 'अरब अध्ययन' म्हटले की बहुतेक वेळा पहिल्यांदा विचारतात, "म्हणजे इस्लामचा अभ्यास ना?" इस्लाम त्यात येतो, पण हा विषय त्याहून वेगळा आहे. शिवाय अरब म्हणजे सगळा पश्चिम आशिया नव्हे. इराणची भाषा फारसी, तुर्कस्तानची तुर्की. अरब लीगचे सदस्य देश 22 आहेत. त्यांत आफ्रिकेतले मोरोक्को आणि सुदान आहेत, तसा मोठी ख्रिस्ती वस्ती असलेला लेबनॉनही आहे. एकोणिसाव्या शतकात अरबी भाषेला नवा शब्दकोश आणि नवी नियतकालिके देणारे बैरूतचे बुत्रुस अल-बुस्तानी ख्रिस्तीच होते.

नेमके काय शिकतात

बहुतेक विद्यापीठांत सुरुवात 'नहदा'पासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या अरब प्रबोधनापासून होते. मग 1916चा साइक्स-पिको करार (अरब प्रदेश आपसांत वाटून घेण्याचा ब्रिटन-फ्रान्सचा गुप्त करार), 1948 मधली इस्रायलची स्थापना, तेल, लष्करी राजवटी. विचारांच्या इतिहासातले मोठे वळण 1967 साली येते. इस्रायलशी झालेल्या युद्धात सहा दिवसांत अरब देशांचा पराभव झाला आणि अरब लेखकांनी स्वतःच्याच समाजाची परखड झाडाझडती सुरू केली. दमास्कसचे सादिक जलाल अल-अझ्म, मोरोक्कोचे मुहम्मद आबिद अल-जाबिरी आणि फातिमा मर्निसी ही नावे पुढे सतत भेटतात. 17 डिसेंबर 2010 रोजी ट्युनिशियातल्या एका फेरीवाल्या तरुणाने स्वतःला पेटवून घेतले, तिथून सुरू झालेला अरब उठावांचा अध्याय अजून संपलेला नाही.

मराठी विद्यार्थ्याजवळ काय आधीच आहे

हा भाग आम्हांला सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. हक्क, कायदा, वकील, हुकूम, मसुदा, जिल्हा, तालुका हे सगळे मूळचे अरबी शब्द, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले. पण त्यांची खरी गंमत अर्थ बदलतात तिथे आहे. आपल्याकडे 'वतन' म्हटले की पाटीलकी, देशमुखी, पिढीजात हक्काची जमीन आठवते. अरबीत 'वतन' म्हणजे मायदेश, आणि त्याच धातूपासून आधुनिक काळात 'मुवातिन', म्हणजे नागरिक, हा शब्द घडला. 'रयत' अरबीत मेंढपाळाच्या राखणीतल्या कळपाशी जोडलेला आहे. रयतेचा नागरिक कसा झाला, किंवा कुठे झालाच नाही, हा अरब राजकीय विचारातला कळीचा प्रश्न. तो समजायला आपल्या विद्यार्थ्याला कोशापासून सुरुवात करावी लागत नाही.

'इन्किलाब' मात्र जपून वापरा. आपल्या घोषणेत ती क्रांती आहे. आजच्या अरबीत त्याचा अर्थ लष्कराने केलेला सत्तापालट असा होतो. क्रांतीला 'थौरा' म्हणतात. जुलै 2013 मध्ये इजिप्तच्या लष्कराने राष्ट्राध्यक्ष मुर्सी यांना हटवले, तेव्हा त्या घटनेला थौरा म्हणायचे की इन्किलाब, यावरून माणसाची बाजू कळत होती.

भाषेबद्दल स्पष्टच सांगतो

अरबी येत नसेल तर हा अभ्यास अर्धाच होतो. अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेची प्रशिक्षण संस्था आपल्या इंग्रजीभाषक अधिकाऱ्यांसाठी हिंदीला सुमारे 1100 वर्गतास धरते, अरबीला 2200. कारण एका अर्थी दोन भाषा शिकायच्या असतात : पुस्तकांची आणि बातम्यांची 'फुसहा', आणि घरातली, बाजारातली 'आम्मिया', जी कैरोत एक आणि कासाब्लांकात दुसरीच. अर्जाच्या किमान एक वर्ष आधी अरबी सुरू केली नसेल, तर आम्ही अर्ज एक वर्ष पुढे ढकलायला सांगतो. ग्राहक नाराज होतात, तरी सांगतो.

कुठे शिकावे

भारतात दिल्लीतले जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि जामिया मिलिया, तसेच अलिगढ मुस्लिम विद्यापीठ इथे पश्चिम आशियाच्या अभ्यासाची सोय आहे. खर्चाच्या मानाने हे पर्याय उत्तम आहेत आणि उगाच दुय्यम मानले जातात. परदेशात वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठातले समकालीन अरब अध्ययन केंद्र 1975 पासून आहे. तिथे पदवीसाठी अरबीची प्रवीणता सिद्ध करावी लागते. लंडनचे सोआस (आशिया-आफ्रिकेच्या अभ्यासाची संस्था), कैरो आणि बैरूतची अमेरिकन विद्यापीठे जुनी व नावाजलेली. दोहाच्या पदव्युत्तर संस्थेत 2015 पासून मुख्यतः अरबीतूनच शिकवतात. भाषा पक्की असेल तर तिचा जरूर विचार करा. बैरूत किंवा कैरो निवडताना त्या वर्षीची परिस्थिती पाहू. 2011 आधी अरबी शिकायला दमास्कसला जाणारे पुष्कळ होते. सीरियातल्या युद्धामुळे ती वाट बंद झाली आणि अनेक जण जॉर्डनच्या अम्मानकडे वळले.

संशोधनाचा विषय घराजवळही सापडतो. एकोणिसाव्या शतकात बराच काळ आखातातला ब्रिटिश कारभार मुंबई सरकारच्या देखरेखीखाली होता, आणि मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात मुंबई इलाख्याची दप्तरे आहेत. रिझर्व्ह बँकेने 1959 मध्ये खास आखातासाठी रुपयाच्या वेगळ्या नोटा काढल्या. कतार आणि दुबईत त्या 1966 पर्यंत चालल्या. रत्नागिरी-रायगडच्या घरांतून कुवेत-दुबईला गेलेल्या माणसांची पत्रे कुणी नीट वाचली, तर त्यातून एक चांगला प्रबंध होईल.

नोकरीचे काय

ही पदवी नोकरीची हमी देत नाही. अध्यापन, पत्रकारिता, भाषांतर, धोरणसंस्था, आखाताशी व्यवहार करणाऱ्या कंपन्या असे मार्ग आहेत, आणि प्रत्येकात अरबी किती येते यावरच बरेच ठरते. भारतात शिकवायचे असेल तर नेट परीक्षेचा आणि परदेशी पदवीच्या समकक्षतेचा विचार आधीच करावा. कर्ज काढून जायचे असेल तर फेडीचा हिशोब पालकांसमोर मांडल्याशिवाय आम्ही अर्ज भरत नाही.

आम्ही विद्यापीठ निवडायला, शिष्यवृत्त्या शोधायला आणि अर्ज तपासायला मदत करतो. उद्देशपत्र तुमच्याऐवजी लिहून देत नाही. पहिल्या भेटीचे पैसे नाहीत. गुणपत्रिका नंतर आणल्या तरी चालतील. येताना अरब जगाबद्दल तुम्हांला खरोखर छळणारा एक प्रश्न पानभर लिहून आणा, मराठीत लिहिला तरी उत्तम.