मीठ-व्हिनेगरने सुती कापडावर नैसर्गिक रंग पक्का होत नाही

‘सुती कापड रंगवण्याआधी मीठ-व्हिनेगरच्या पाण्यात उकळा, रंग पक्का बसतो’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. मीठ काही रासायनिक रंगांना सुतावर चढायला मदत करतं, व्हिनेगर लोकर-रेशमावरच्या आम्लरंगांना. पण रंगबंधक, म्हणजे नैसर्गिक रंग धाग्याला घट्ट धरून ठेवणारा पदार्थ, दोन्ही नाहीत.

तुरटी मात्र रंगबंधक आहे. तिच्यातलं ॲल्युमिनियम रंगाला धरून ठेवतं. पण लोकर-रेशमासारखी सुतावर तुरटी सहज टिकत नाही, म्हणून आधी हिरडा लागतो. कच्छचे अजरख (ठशांनी छापलेलं कापड) कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलेत.

कापड प्रथम धुण्याच्या सोड्यात उकळून खळ आणि मेण काढा. पांढऱ्याशुभ्र कोऱ्या कापडातूनही चहासारखं पाणी निघतं! मग १ किलो कोरड्या कापडाला साधारण २०० ग्रॅम हिरडापूड पाण्यात घालून कापड त्यात रात्रभर भिजवा. कापड फिकट पिवळसर होतं. तो टॅनिनचा, म्हणजे हिरड्यातल्या तुरट द्रव्याचा थर; तुरटी त्याला धरून राहते. त्यावर १५० ते २०० ग्रॅम तुरटीचं पाणी.

आता मंजिष्ठेच्या (लाल रंग देणारी मुळी) रंगात बुडवा. मीठ-व्हिनेगरमध्ये उकळलेला कापडाचा तुकडा धुतल्यावर मळकट गुलाबी उरतो, हिरडा-तुरटीचा विटकरी लाल. हळद मात्र तुरटी लावूनही उन्हात उडते, तिच्यावर भरवसा ठेवू नका.