राहणार कुठे? जोडीदाराच्या अमेरिकी व्हिसातल्या एका प्रश्नाची पार्श्वभूमी

न्यू जर्सीत जन्मलेली, आईवडील परतले तेव्हा त्यांच्याबरोबर लहानपणीच पुण्याला आलेली मुलगी. हाती जन्मापासून अमेरिकी पासपोर्ट, शिवाय भारतात राहू देणारं ओसीआय कार्ड. शाळा, कॉलेज, नोकरी, लग्न सगळं पुण्यात. काही वर्षांनी दोघं अमेरिकेत जायचं ठरवतात आणि नवऱ्यासाठी ती आय-१३० हा नातेवाइकाला अमेरिकेत आणण्याचा अर्ज भरते. अशी जोडपी आता मराठी घरांत नवलाची राहिलेली नाहीत. अर्ज मंजूर होतो, लग्नाचा दाखला आणि फोटो मान्य होतात, आणि मग फाइल अडते: स्पॉन्सरचं, म्हणजे हमी देणाऱ्या बायकोचं, डोमिसाइल (कायमचं राहण्याचं ठिकाण) अमेरिकेत आहे याचा पुरावा द्या. घरात गोंधळ उडतो. नागरिक आहे, आणखी काय दाखवायचं? आमच्या लग्नावर संशय आहे का?

संशय लग्नावर नसतो. लग्न खरं आहे की नाही हे आधीच्या टप्प्यात पाहिलं जातं आणि व्हिसा अधिकारी मुलाखतीत ते पुन्हा तपासू शकतो. पण डोमिसाइलचा प्रश्न वेगळ्या घराण्यातला आहे. तो आला आहे गरिबांना पोसायचं कुणी, या जुन्या भांडणातून. हे मूळ कळलं की कुठला कागद कामाचा आणि कुठला निव्वळ जाडी वाढवणारा, हे आपोआप उमगतं. म्हणून थोडं मागे जाऊ.

इंग्लंडमध्ये १६६२ साली सेटलमेंटचा कायदा झाला. गरिबाला मदत करण्याची जबाबदारी तिथे पॅरिशची, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावाची होती. मग माणूस नेमका कुठल्या पॅरिशचा हे ठरवणं भाग पडलं. बाहेरून आलेला माणूस उद्या आपल्यावर बोजा होईल असं वाटलं, तर त्याला त्याच्या मूळ पॅरिशमध्ये परत धाडता येई. हीच रीत वसाहतींबरोबर अटलांटिक ओलांडून गेली. मॅसॅच्युसेट्स, न्यूयॉर्क यांसारखी राज्यं जहाजमालकांकडून उतारूंसाठी जामीन किंवा त्याऐवजी पैसे घेत. १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कची ही पद्धत घटनाबाह्य ठरवली, कारण परदेशाशी असलेला असा व्यवहार हे संघराज्याचं काम. सहा वर्षांनी, १८८२ मध्ये, काँग्रेसने स्वतःचा कायदा केला: प्रत्येक उतारूमागे ५० सेंट कर, आणि जो स्वतःचा भार उचलू शकणार नाही, ‘पब्लिक चार्ज’ होईल, त्याला उतरू द्यायचं नाही. १८९१ मध्ये त्यात ‘होण्याची शक्यता असलेला’ अशी भर पडली. त्या दिवसापासून अधिकाऱ्याला भविष्याचा अंदाज बांधायचा अधिकार मिळाला.

या अंदाजाचा वापर कसा झाला हे आपल्या लोकांनी सोसलं आहे. १९१० च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरात उतरणाऱ्या हिंदुस्थानी मजुरांना रोखणारा स्वतंत्र कायदा नव्हता. तेव्हा धडधाकट, कष्टाळू माणसांनाही ‘पब्लिक चार्ज होतील’ असा शिक्का मारून परत पाठवलं गेलं. १९१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होम्स यांनी रशियातून आलेल्या काही मजुरांच्या खटल्यात निकाल दिला: ज्या शहरात जायचंय तिथे कामं कमी आहेत एवढ्यावरून कुणाला नाकारता येणार नाही, कारण माणसाच्या अंगातलंच काहीतरी असावं लागतं. हिंदुस्थानींना त्याचा फायदा फार काळ मिळाला नाही. १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानसकट आशियाचा मोठा पट्टाच बंद केला.

आता जोडीदारांचं. १८५५ च्या कायद्यानुसार अमेरिकी पुरुषाशी लग्न करणारी, कायद्याने नागरिकत्वाला पात्र असलेली परदेशी स्त्री आपोआप अमेरिकी होई. ही पात्रता त्या काळी गोऱ्यांपुरती होती. उलट, १९०७ च्या कायद्याने परदेशी पुरुषाशी लग्न करणाऱ्या अमेरिकी स्त्रीचं नागरिकत्व काढून घेतलं. स्त्रीने राहायचं कुठे हा प्रश्नच नव्हता, ती नवऱ्याची. १९२२ च्या केबल कायद्याने लग्न आणि नागरिकत्व यांची गाठ सोडवायला सुरुवात केली. त्यानंतर मात्र परदेशी बायकोला देशात आणायचं तर अर्ज करणं आलं.

१९२४ च्या इमिग्रेशन कायद्यात त्या अर्जाचा साचा दिसतो, आणि माझ्या मते आजच्या प्रश्नाचा पहिला स्पष्ट ठसा इथेच आहे. देशवार ठरलेल्या कोट्याबाहेर व्हिसा मिळायचा तो ‘अर्जाच्या वेळी अमेरिकेत राहत असलेल्या’ नागरिकाच्या पत्नीला. नुसतं नागरिक असणं पुरेसं नव्हतं. त्याच अर्जात नागरिकाने शपथेवर सांगायचं होतं की गरज पडली तर मी हिला पोसेन, सरकारवर भार पडू देणार नाही. वास्तव्य आणि पोषणाची हमी या दोन गोष्टी तेव्हाच एका कागदावर शेजारी बसल्या. अमेरिकी स्त्रियांच्या परदेशी नवऱ्यांना बरोबरीची वागणूक मिळायला १९५२ उजाडावं लागलं.

मधल्या काळात हमीपत्राचं वजन वाढलं. सप्टेंबर १९३० मध्ये, मंदीच्या तोंडावर, राष्ट्राध्यक्ष हूवर यांच्या सरकारने वकिलातींना पब्लिक चार्जचं कलम कडकपणे वापरायला सांगितलं. पुढे जर्मनी-ऑस्ट्रियातून पळू पाहणाऱ्या ज्यूंना अमेरिकेतल्या नातेवाइकांची हमीपत्रं गोळा करावी लागली. बँकेचे आकडे, कराचे कागद, पगाराची पत्रं जोडूनही ती अनेकदा अपुरी ठरवली गेली. कागदाच्या अभावी माणसं मागे राहिली आणि मारली गेली. आज वकिलातीत कुणी ‘फक्त एक फॉर्म आहे’ म्हणतं तेव्हा हा इतिहास आठवावा.

गंमत म्हणजे एवढं महत्त्व असलेलं हे हमीपत्र न्यायालयात टिकत नव्हतं. न्यूयॉर्क आणि मिशिगन या राज्यांनी १९५० च्या दशकाअखेरीस सरकारी रुग्णालयाचा खर्च हमीदारांकडून वसूल करायचा प्रयत्न केला. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन डिएगो काउंटीने मदतनिधीच्या वसुलीसाठी तेच केलं. तिन्हीकडे न्यायालयांनी सांगितलं की ही हमी नैतिक आहे, करार नव्हे. १९९० च्या दशकात बार्बरा जॉर्डन यांच्या अध्यक्षतेखालच्या इमिग्रेशन सुधारणा आयोगाने या हमीला कायदेशीर दात द्यावेत अशी शिफारस केली. १९९६ मध्ये, आधी ऑगस्टच्या वेल्फेअर कायद्यातून आणि मग सप्टेंबरअखेरच्या इमिग्रेशन कायद्यातून, कलम २१३-अ आलं. आजचा आय-८६४ हा हमीपत्राचा फॉर्म त्याचं अपत्य.

इथे सगळे धागे जुळतात. नवी हमी हा खराखुरा करार आहे. सरकार दावा लावू शकतं, आणि ज्याला आणलं तो जोडीदारही लावू शकतो. स्पॉन्सर अमेरिकी न्यायालयांचा अधिकार मान्य करून सही करतो. पत्ता बदलला तर ३० दिवसांत कळवायचं, नाहीतर दंड. आलेला जोडीदार नागरिक झाला, त्याच्या नावावर कामाच्या ४० तिमाह्या जमा झाल्या, तो कायमचा देश सोडून गेला किंवा दोघांपैकी कुणी वारलं तरच जबाबदारी संपते. घटस्फोटाने संपत नाही. असा करार करणारा माणूस पुण्यात किंवा दुबईत बसला असेल तर वसुली कुणाकडून करणार? म्हणून काँग्रेसने कलमातच लिहिलं: स्पॉन्सर १८ वर्षांचा हवा, उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के हवं, आणि तो अमेरिकेत ‘डोमिसाइल्ड’ हवा. दोघांच्या कुटुंबासाठी २०२५ च्या तक्त्यात ही रक्कम २६,४३७ डॉलर होती. लष्करात सक्रिय सेवेत असलेल्यांना जोडीदारासाठी १०० टक्के पुरतात.

डोमिसाइल ठरवतात कसं? अमेरिकी न्यायालयांची धारणा १८७४ पासून जवळपास तीच आहे: एखाद्या ठिकाणी वास्तव्य, आणि तिथेच बेमुदत राहण्याचा हेतू. १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यातली ‘वास्तव्या’ची व्याख्या मात्र हेतू बाजूला ठेवते, माणूस प्रत्यक्षात कुठे राहतो एवढंच ती बघते. स्पॉन्सरला या दोन्ही कसोट्या लागतात. आपल्याकडचा तहसील कार्यालयातला डोमिसाइल दाखला गेल्या १५ वर्षांचे पुरावे मागतो. इथे मात्र मागचं अर्धंच काम करतं, उरलेलं पुढच्या आयुष्याबद्दल सिद्ध करावं लागतं.

ऑक्टोबर १९९७ मध्ये प्रसिद्ध होऊन १९ डिसेंबरपासून लागू झालेल्या पहिल्या नियमांनी परदेशी राहणाऱ्या नागरिकांसाठी अरुंद दार ठेवलं. अमेरिकी सरकार, मान्यताप्राप्त अमेरिकी संशोधन संस्था, परदेशी व्यापार करणारी अमेरिकी कंपनी, अमेरिका सदस्य असलेली आंतरराष्ट्रीय संघटना किंवा धर्मप्रचार यांसाठी तात्पुरते बाहेर असलेल्यांचं डोमिसाइल शाबूत मानलं जाई. ही यादी नागरिकत्वाच्या कायद्यातल्या दुसऱ्याच एका तरतुदीतून उचललेली होती. ज्याने परदेशात प्रेम केलं, लग्न केलं, स्थानिक नोकरी धरली, तो या यादीत कुठेच नव्हता. असा नियम कुटुंब जोडण्याच्या कायद्याला शोभत नव्हता, असं मला आजही वाटतं.

२१ जून २००६ ला अंतिम नियम आले, एका महिन्याने लागू झाले, आणि दोन वाटा स्पष्ट झाल्या. पहिली: मी ठरावीक काळासाठीच बाहेर आलो, घरचे धागे तोडले नाहीत. दुसरी: आज माझं डोमिसाइल तिथे नाही, पण जोडीदार अमेरिकेत दाखल होईल त्या दिवशी किंवा त्याआधी मी ते प्रस्थापित करेन. पुराव्याची पातळी ‘नसण्यापेक्षा असण्याची शक्यता जास्त’ इतकीच. सुरुवातीच्या आपल्या पुणेकर मुलीची वाट ही दुसरी. पहिल्या वाटेने जायचा हट्ट तिला महागात पडू शकतो, कारण जिथे कधी घर नव्हतं तिथलं घर टिकवलं असं दाखवताच येत नाही.

दुसऱ्या वाटेवर अधिकारी ठोस पावलं शोधतो: अमेरिकी बँक खातं आणि त्यात वळवलेले पैसे, नोकरीचं पत्र किंवा अर्जांचा माग, घराचा भाडेकरार किंवा नातेवाइकाकडे राहण्याची सोय, मुलांचा शाळाप्रवेश, मतदार नोंदणी, सोशल सिक्युरिटी नंबर. इकडचा पसारा आवरल्याच्या खुणाही बोलतात: राजीनामा, सामान पाठवल्याची पावती. कराचं विवरणपत्र बरेच जण विसरतात. अमेरिकी नागरिकाला जगात कुठेही कमावलं तरी, उत्पन्न ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तर, ते भरावं लागतं, आणि तसं असेल तर आय-८६४ ला ताज्या वर्षाचं लागतंच. ते नसेल तर आधी तो घोळ निस्तरावा. लग्नाचे आणखी पन्नास फोटो मात्र या प्रश्नाला काहीच उत्तर देत नाहीत.

पैशाचा आणि डोमिसाइलचा गुंताही याच इतिहासातून सुटतो. पुण्यातली नोकरी सोडणार असाल तर तो पगार धरत नाहीत. अमेरिकेत गेल्यावरही त्याच मालकाकडून चालू राहणार असेल तर धरतात. ठेवी, फ्लॅट यांसारखी मालमत्ता वर्षभरात रोख होऊ शकत असेल तर चालते. नागरिकाच्या जोडीदारासाठी कमी पडणाऱ्या रकमेच्या तिप्पट पुरे होते, ही सवलत २००६ ची. पैसे कमी पडले तर काका किंवा मावशी जॉइंट स्पॉन्सर होऊ शकतात, पण तेही अमेरिकेतच राहणारे हवेत. आणि मूळ अर्जदाराचं डोमिसाइल सिद्ध नसेल तर जॉइंट स्पॉन्सर कितीही श्रीमंत असो, उपयोग नाही. उत्पन्न उसनं आणता येतं, राहण्याचा हेतू आणता येत नाही. अनेक फाइली अडतात त्या इथे: डोमिसाइलचा प्रश्न पैशाचा समजून लोक श्रीमंत नातेवाईक शोधतात.

२०१९ च्या पब्लिक चार्ज नियमांनी, त्यांच्या रद्द होण्याने आणि २०२२ च्या नव्या नियमांनी पुष्कळ चर्चा झाली. कलम २१३-अ मधली डोमिसाइलची अट मात्र त्यातून बदलली नाही. मुंबईच्या मुलाखतीनंतर हा पुरावा अपुरा वाटला तर अधिकारी इमिग्रेशन कायद्याच्या कलम २२१-जी खाली फाइल थांबवून कागद मागतो. तो कायमचा नकार नसतो. स्पॉन्सरने आधी जाऊन बसायलाच हवं असंही नाही. दोघं एकाच विमानाने उतरली तरी नियम पाळला जातो. नवऱ्याला पुढे पाठवून आपण सहा महिन्यांनी मागून जाऊ, हे मात्र चालत नाही.