खरं ब्रोकेज आणि व्हाइसमध्ये दाबलेलं नाणं

‘वैष्णोदेवीचं नाणं द्या, लाखो रुपये घ्या’ अशा जाहिराती मोबाइलवर फिरतच असतात. २०१२ची ती ५ आणि १० रुपयांची नाणी टांकसाळीने ठरवूनच पाडली आहेत. त्यांत चूक कसलीच नाही, आणि तिजोरीत ठेवल्याने लक्ष्मीही येत नाही. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात बँकेच्या नावाने शुल्क उकळलं जातंय, असा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये दिला होता.

संग्राहक शोधतात ती खरी टांकसाळीची चूक पाहायची तर ब्रोकेज पाहावं, म्हणजे एका बाजूला उठावाचं आणि दुसऱ्या बाजूला तेच चित्र खोलगट उमटलेलं नाणं. बाजारात त्याला ‘लखी’ म्हणतात.

कोरी चकती खालच्या ठशावर येते, भोवती कॉलर नावाचं पोलादी कडं असतं आणि वरून दुसरा ठसा दाबतो. क्वचित तयार नाणं बाहेर न पडता वरच्या ठशालाच चिकटून राहतं. पुढच्या चकतीच्या खालच्या बाजूवर नेहमीसारखा उठाव येतो. वरून मात्र ठशाऐवजी चिकटलेलं नाणं दाबतं. त्याची उघडी बाजू खालच्याच ठशाने घडवलेली असते. म्हणून तेच चित्र वर खोलगट आणि आरशातल्यासारखं उलटं उमटतं. म्हणजे पूर्ण ब्रोकेजच्या दोन्ही बाजूंना एकच चित्र हवं : एकीकडे वर आलेले सिंह, दुसरीकडे तेच सिंह आत गेलेले. एकीकडे उठावाचे सिंह आणि दुसरीकडे खोलगट ‘५’ असेल तर संशय घ्यावा. सुटं नाणं उलटून मध्ये अडकलं तर तसंही घडू शकतं, पण ते विरळाच. चिकटलेलं नाणं दर दाबाला पसरत जातं, त्यामुळे पुढच्या नाण्यांवरचं खोलगट चित्र मोठं आणि पुसट होतं. नुसत्या पुसटपणावरून नाणं बनावट ठरवू नये.

बनावट ‘लखी’ बहुतेकदा दोन तयार नाणी व्हाइसमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या स्क्रूच्या शिकंज्यात, दाबून करतात. दहापट भिंगाखाली खोलगट चित्राच्या आसपास मूळ छापाचे चेपलेले अवशेष दिसतात आणि मागच्या बाजूचा उठाव सपाट झालेला असतो. कॉलरचा आधार नसल्याने व्यासही वाढू शकतो. १९९२नंतरचं तांबे-निकेलचं जाड ५ रुपयांचं नाणं ९ ग्रॅमचं आणि २३ मिमीचं. ते चुंबकाला चिकटत नाही. ब्रोकेज झालं तरी चकती नेहमीचीच असते, म्हणून वजन जुळलंच पाहिजे. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आणि व्यास मोजायला व्हर्नियर कॅलिपर एवढं पुरतं. एक बाजू घासून दुसरं नाणं चिकटवलं असेल तर कडेच्या आतून सांधा दिसतो.

कड चंद्रकोरीसारखी कापलेलं नाणं मिळालं तर कापाच्या बरोबर समोरची कड पाहावी. चकत्या ज्या धातूच्या पट्टीतून कापतात ती पुढे सरकली नाही की पंच, म्हणजे कापणारा ठोकळा, आधीच्या भोकावर येतो आणि चकती अपुरी कापली जाते. मग कड उचलणाऱ्या यंत्रात कापाच्या जागी आधारच नसतो, त्यामुळे समोरच्या बाजूलाही पुरेसा दाब बसत नाही आणि तिथली कड बहुधा पुसट राहते. कानशीने घासून केलेल्या कापासमोर ती ठळकच असते.